खाऱ्या हवेतला सेल्फ : घरच्या ओट्यावर कार्बन आणि बुश बदलताना

हरिहरेश्वरात एखाद्या गाडीने सेल्फ घेणं बंद केलं की दोन सल्ले लगेच मिळतात. एक, बॅटरी बदला. दोन, सेल्फच नवा टाका. दोन्ही घाईचे आहेत. काढून टाकलेला सेल्फ उघडून पाहिला तर पुष्कळदा आत एवढंच सापडतं : चार कार्बन झिजून निम्म्यावर आलेले, बुश सैल पडलेले आणि तांब्यावर काळी राप चढलेली. बाकीची मोटर ठणठणीत असते. कार्बन-बुशचा संच काही शेकड्यांत येतो, नवा सेल्फ काही हजारांत. शिवाय दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत, पाहुण्यांना श्रीवर्धन-दिवेआगर दाखवायचं भाडं हातात असताना गाडी दोन दिवस दारात उभी राहिली, तर तो तोटा वेगळाच.

हे काम घरच्या ओट्यावर करता येतं. पान्ह्यांचा सेट, साधा मल्टिमीटर, लाकडी हातोडी, बारीक पॉलिश पेपर, डाख द्यायची जाड इस्त्री आणि एक मोकळा दिवस एवढी तयारी पुरते. या किनाऱ्यावर मात्र त्याला आणखी एका गोष्टीची जोड लागते, ती म्हणजे खारीने धरलेला गंज ओळखण्याची. गावाच्या एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला सावित्रीचं मुख. बागमांडल्याच्या जेट्टीवर वेश्वीला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत गाडी उभी असते तेव्हाही वाऱ्यातून खार येतच असते, आणि रॅम्पवरचं पाणी थेट खालच्या अंगाला उडतं. सेल्फ नेमका तिथेच, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याजवळ, बसवलेला असतो. माझं मत स्पष्ट आहे : इकडे सेल्फ वयापेक्षा खारीने जास्त जातात. म्हणून नुसते कार्बन बदलले आणि अर्थिंगकडे, बुशकडे पाहिलं नाही, तर तेच काम पुन्हा करावं लागतं.

उघडण्याआधी मोजा

सेल्फ म्हणजे थोड्या वेळासाठी प्रचंड जोर लावणारी डीसी मोटर. चार्ल्स केटरिंगने ती १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आणली, तोवर मोटारी हँडल मारून सुरू कराव्या लागत. आपल्याकडे लुकास-टीव्हीएसची सुरुवात १९६१ साली झाली, आणि पुष्कळ जुन्या जीप, टेम्पो, ट्रॅक्टरवर तोच शिक्का दिसतो. आतली रचना गेल्या शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही, म्हणूनच ती घरी उघडता येते.

डिझेल जीपचा सेल्फ साधारण दोन किलोवॉटचा धरा. इंजिन फिरवताना तो दोनशे अँपिअरच्या घरात करंट ओढतो. आता अर्थिंगच्या पट्टीखाली गंज धरून तिथे ओहमचा फक्त शंभरावा भाग एवढा अडथळा तयार झाला असं समजा. दोनशे अँपिअरला तिथे दोन व्होल्ट खर्ची पडतात आणि त्या एका सांध्यात चारशे वॉट उष्णता होते. बाराच्या बॅटरीतले दोन व्होल्ट वाटेतच गेल्यावर सेल्फ जड ओढणारच. त्यात सेल्फचा काही दोष नसतो. किल्ली चार-पाच वेळा मारून झाल्यावर टर्मिनल हाताला गरम लागलं, तर दुखणं तिथे आहे असं समजावं.

पहिली परीक्षा कानाने आणि हेडलाइटने करा. हेडलाइट लावून किल्ली फिरवा. लाइट पार मंद होऊन ‘कट-कट-कट’ असा आवाज आला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचं टर्मिनल सैल आहे. एकच ‘टक’ झालं आणि लाइट तसाच लख्ख राहिला, तर करंट मोटरमध्ये जातच नाही : सोलेनॉइडमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत, नाहीतर कार्बन झिजून टेकेनासे झालेत. लाइट मंद होतो आणि सेल्फ रेटत रेटत फिरतो, बॅटरी मात्र चांगली आहे, असं असेल तर बुश झिजून आर्मेचर आत घासत असण्याचा संभव मोठा. सेल्फ नुसताच सूं करून फिरतो आणि इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्स, म्हणजे पिनियन आणि तिच्यामागचा एकेरी क्लच, गेलेला असतो. आणि खर्रर्र असा दात खाल्ल्यासारखा आवाज असेल तर पिनियनचे किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात बघावे लागतील, तिथे कार्बन बदलून काहीही होणार नाही.

काही वेळा ‘टक’ही ऐकू येत नाही, आणि मग सगळा संशय किल्लीच्या स्विचवर जातो. सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात : एक पिनियन ओढून घेणारी, दुसरी धरून ठेवणारी. ओढणाऱ्या गुंडाळीला अर्थ मिळतो तो मोटरमधून, म्हणजे कार्बनमधूनच. कार्बन टेकत नसले तर ती गुंडाळी मुकी राहते. म्हणून स्विच बदलण्याआधी सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर किल्ली फिरवताना बारा व्होल्ट येतात का ते पाहा. येत असतील तर स्विच आणि वायरिंग निर्दोष आहे, सेल्फ खाली उतरवायला हरकत नाही.

आता मीटर. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून डिझेलचा स्टॉप ओढून धरलेला किंवा पेट्रोल गाडीची इग्निशनची जोडणी काढलेली. दुसऱ्या माणसाला किल्ली मारायला सांगा. बॅटरीच्या दोन खुंटांवर ९.६ व्होल्टच्या खाली आकडा गेला तर आधी बॅटरी चार्ज करून तपासून घ्या. तो ठीक असेल तर मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरी थेट सेल्फच्या बॉडीवर, घासून चकचकीत केलेल्या जागी टेकवा. किल्ली मारताना पाव व्होल्टपर्यंत आकडा चालेल. अर्धा किंवा एक व्होल्ट दिसला तर अर्थिंगची पट्टी काढा, तिच्या दोन्ही टोकांखालची जागा उजळ होईपर्यंत घासा आणि परत कसा. मग हीच परीक्षा पॉझिटिव्हच्या बाजूने, बॅटरीपासून सेल्फच्या जाड बोल्टापर्यंत करा. पुष्कळ गाड्यांचं काम इथेच संपतं, सेल्फ उतरवायची गरजच पडत नाही.

केबलचा लग बाहेरून चांगला दिसला तरी फसू नका. आवरणाचा शेवट जरा मागे सरकवून पाहा. आत तांबं हिरवट किंवा काळं पडून भुगा होत असेल तर ती केबल बदलायचीच. खार आवरणाच्या आत वीतभर चढलेली असते.

उतरवणं

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडा, पॉझिटिव्ह नंतर. उलटं केलं तर पॉझिटिव्हवरचा पान्हा बॉडीला टेकला की ठिणगी उडते, आणि चार्ज होऊन आलेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन असतो. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा.

गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा नको. वाडीतली जमीन भुसभुशीत असते, त्यात जॅक रुतून तिरपा होतो. खाली जाड फळी, चाकांना दगड आणि बॉडीखाली घोड्या, एवढं झाल्याशिवाय डोकं गाडीखाली घालायचं नाही. ओम्नी-इकोसारख्या गाड्यांत हात पोचायला जागा कमी, त्यामुळे बोल्ट कुठे कुठे आहेत ते आधी मोबाइलच्या टॉर्चने पाहून घ्या.

सेल्फ दोन किंवा तीन बोल्टांवर बसलेला असतो. पोलादी बोल्ट अॅल्युमिनियमच्या घरात वर्षानुवर्षं खाऱ्या हवेत राहिला की तो जागीच धरतो. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा, आणि लांब दांड्याने झटका न देता हळूहळू ताण वाढवा. बोल्ट मोडला तर गिअरबॉक्सच्या घरात ड्रिल मारावं लागतं, आणि तेवढ्यासाठी लेथवाल्याकडे जावं लागतं. शेवटचा बोल्ट काढताना एका हाताने सेल्फ पेलून धरा. डिझेल गाडीचा सेल्फ चांगलाच जड असतो. तो केबलला लोंबकळू द्यायचा नाही. बसण्याच्या जागेत पातळ पत्र्याच्या चकत्या निघाल्या तर जपून ठेवा. पिनियन आणि रिंग यांच्यातलं अंतर त्या राखतात.

गाडी अजून वॉरंटीत असेल, किंवा सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी असेल, तर हा उद्योग घरी करू नये. त्या सेल्फची आणि बॅटरीची घडण वेगळी असते.

उघडल्यावर काय पाहायचं

ओट्यावर जुनी चादर पसरा, पांढरी असेल तर उत्तम, बारीक वॉशर लगेच दिसतात. मागचं झाकण, मधली कडी आणि पुढचं नाक यांच्यावर आडवी रेघ ओढून घ्या, परत बसवताना ती जुळली पाहिजे. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. आधी सोलेनॉइडकडून मोटरमध्ये जाणारी जाड वेणी सोडायची. तिथला नट फिरवताना आतला बोल्ट दुसऱ्या पान्ह्याने धरा, नाहीतर तो फिरून सोलेनॉइडचं प्लॅस्टिक तडकतं. मग सोलेनॉइडचे स्क्रू, मागच्या टोकावरची छोटी टोपी, तिच्याखालचं लॉक आणि वॉशर, आणि शेवटी आरपार जाणारे दोन लांब बोल्ट.

झाकण निघताच काळा भुगा दिसेल. तो कार्बन आणि तांब्याचा आहे, तोंडाने फुंकू नका. नाकाला रुमाल बांधून ब्रशने झाडा आणि कोरड्या फडक्याने पुसा. हा भुगा वीज वाहून नेतो, म्हणून कार्बनच्या घरांभोवती तो साचला की करंट भलत्या वाटेने गळतो. फिल्ड कॉइल आणि आर्मेचर पेट्रोलमध्ये बुडवून धुवायची पद्धत सर्रास दिसते. ती मला मान्य नाही. वाइंडिंगवरचं व्हार्निश आणि कापडी पट्टी त्याने सैल पडते. फडकं किंचित ओलं करून पुसावं आणि उन्हात वाळवावं. बेंडिक्स तर पेट्रोल-रॉकेलच्या जवळही नेऊ नये. त्याच्या आतल्या एकेरी क्लचमध्ये कारखान्यात भरलेलं ग्रीस असतं, ते धुऊन गेलं की आठवडाभरात तो घसरायला लागतो. पिनियन एका बाजूला मोकळी फिरली आणि दुसऱ्या बाजूला घट्ट अडली, तर बेंडिक्स चांगला.

आता आर्मेचर हातात घेऊन उजेडात फिरवा. लोखंडी भागावर एका बाजूला घासल्याची चकचकीत पट्टी दिसते का? दिसली तर बुश झिजलेले आहेत आणि आर्मेचर कलून फिल्डच्या लोखंडाला घासत आलं आहे. कार्बन लवकर संपण्याचं हेही एक मोठं कारण : कललेला कम्युटेटर दर फेऱ्याला कार्बनला उडवतो, ठिणगी पडते, कार्बन जळतो. म्हणून कार्बन आणि बुश यांची जोडी एकत्रच बदलावी असं मी आग्रहाने सांगेन, बुश वरवर बरा वाटला तरीही.

कम्युटेटरचा रंग नीट पाहा. एकसारखा तपकिरी-काळसर रंग चांगला. एक-दोन पट्ट्याच जळून खड्डे पडलेले असतील तर तिथलं वाइंडिंग तुटलंय. पट्ट्यांच्या मागे, तारा जिथे जोडलेल्या असतात, तिथून डाख वितळून गोल उडालेला दिसला तर कुणीतरी किल्ली मिनिटभर दाबून धरलेली आहे. मीटरची एक तार शाफ्टवर आणि दुसरी एकेका पट्टीवर फिरवा : कुठेही जोडणी दाखवता कामा नये. दाखवली तर आर्मेचर अर्थ झालं आहे, आणि ते घरचं काम नव्हे. शेजारशेजारच्या पट्ट्यांत मात्र जवळजवळ शून्य ओहम यायला हवेत. आतल्या आत शॉर्ट असेल तर साध्या मीटरला ते कळत नाही. त्यासाठी रिवाइंडिंगवाल्याकडे ग्राउलर असतो, त्यावर आर्मेचर फिरवून पत्ता लागतो. श्रीवर्धनला सोय झाली नाही तर माणगाव किंवा महाड गाठावं लागेल, पण पूर्ण सेल्फ न नेता फक्त आर्मेचर न्या.

ठीक असलेला कम्युटेटर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरच्या पट्टीने, आर्मेचर फिरवत फिरवत, सगळीकडून सारखा घासा. काळा एमरी कागद वापरू नका. त्याचे कण वीज वाहून नेतात आणि पट्ट्यांच्या फटीत अडकतात. पट्ट्यांमधलं अभ्रक तांब्याच्या पातळीला आलं असेल तर हॅकसॉच्या ब्लेडचे दात दोन्ही बाजूंनी घासून पातळ करा आणि त्याने अभ्रक अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली घ्या, मग कडा हलक्या हाताने मोडा. पण आधी गाडीचं पुस्तक बघा. लुकासच्या काही जुन्या सेल्फना अभ्रक खाली घ्यायचंच नसतं. खोल घळ पडली असेल तर लेथवर बारीक कट मारून घ्यावा, हाताने घासून गोलाई येत नाही.

कार्बन, डाख आणि बुश

नवे कार्बन आणताना जुना कार्बन आणि सेल्फच्या पट्टीवरचा नंबर दोन्ही दुकानात न्या. सेल्फचे कार्बन तांबूस दिसतात, कारण त्यात तांब्याची भुकटी भरपूर असते. एवढा करंट नुसत्या ग्राफाइटमधून जात नाही. मिक्सरचा किंवा ड्रिल मशीनचा काळा कार्बन मापाने बसला तरी चालत नाही, तो तापतो आणि सेल्फ जोर धरत नाही. किती झिजल्यावर बदलायचे ते प्रत्येक कंपनी सांगते, पण मोघम हिशेब असा : नव्याच्या निम्म्यावर आले की बदला. वेणीचा धातू कम्युटेटरला टेकायच्या बेतात असेल तर उशीरच झालेला आहे.

चारपैकी दोन कार्बन अर्थचे, म्हणजे थेट झाकणाच्या पत्र्याला जोडलेले, आणि दोन फिल्ड कॉइलला जोडलेले. पत्र्याचे दोन सोपे. काही सेल्फमध्ये कार्बनसकट सगळी प्लेटच नवी मिळते, नुसती स्क्रूने बसते, आणि डाख द्यायची वेळच येत नाही. वीज नसेल तेव्हा याचं महत्त्व कळतं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकलं, त्यानंतर या भागातल्या गावांनी कितीतरी दिवस विजेविना काढले, आणि ओलीत उभ्या राहिलेल्या गाड्या याच काळात अडतात. प्लेटचा एक संच घरात असावा, असं किनाऱ्यावर राहणाऱ्याला मी नक्की सुचवेन.

फिल्डच्या कार्बनना डाख लागतो. इथे मोबाइल दुरुस्तीची पंचवीस वॉटची इस्त्री कामाची नाही. शंभर वॉटच्या वरची हवी, कारण जाड तांबं उष्णता भराभर पिऊन टाकतं. जुनी वेणी कशी बसवली होती ते पाहा. रिव्हेट किंवा पकड असेल तर आधी ती तशीच दाबून घ्या आणि मग वरून डाख द्या. नुसत्या डाखावर टांगलेली वेणी लांबलेल्या किल्लीच्या वेळी वितळून सुटू शकते. फिल्ड कॉइल अॅल्युमिनियमची असली तर तिला साधा डाख धरतच नाही. तेव्हा जुनी वेणी मुळाशी न कापता सहा-सात मिलिमीटर तांबं शिल्लक ठेवा आणि नवी वेणी त्या शेपटीला जोडा. आम्लाचा फ्लक्स घेऊ नका, त्याने पुढे गंज धरतो आणि इथे तर दुप्पट वेगाने. राळ वापरा. वेणीत डाख वर चढू देऊ नका. जोडापासून थोड्या अंतरावर वेणी पकडीत धरली की उष्णता पकडीत जाते आणि डाख तिथेच थांबतो. डाख वर चढला तर वेणी ताठ होते, आणि मग स्प्रिंग कितीही चांगली असली तरी कार्बन खाली सरकत नाही.

प्रत्येक कार्बन आपल्या घरात बोटाने ढकलला की विनासायास सरकला पाहिजे. अडत असेल तर घर साफ करा, तरीही अडला तर कार्बनची बाजू कानशीवर एकदोनदा फिरवा. स्प्रिंग निळसर पडली असेल किंवा दाबून लुळी वाटत असेल तर बदला. किनाऱ्यावर स्प्रिंगच्या मुळाशी गंज असतो, तिथूनच ती मोडते.

बुशचं काम नाजूक आहे. पुढच्या नाकातला बुश मापाच्या दांड्याने ठोकून निघतो. मागच्या झाकणातला बुश मात्र बंद खळग्यात असतो, मागून ठोकायला वाट नसते. त्या खळग्यात ग्रीस ठासून भरा, शाफ्टच्याच जाडीचा, बुशच्या भोकात चपखल बसणारा गुळगुळीत दांडा त्यात घाला आणि वर हातोडी मारा. ग्रीस दबून बुशच्या खाली शिरतं आणि पिचकारीतल्या पाण्यासारखं त्याला बाहेर ढकलतं. तीन-चार ठोक्यांत बुश वर यायला लागतो, मधून मधून ग्रीस पुन्हा भरायचं. दांडा सैल असला तर ग्रीस नुसतं तोंडावर उडतं, म्हणून दांडा निवडण्यातच खरं काम आहे.

नवा बुश छिद्रमय कांस्याचा असतो, त्याच्या छिद्रांत तेल साठतं आणि तेच त्याला आयुष्यभर पुरतं. बसवण्याआधी तो चोवीस तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. ही पायरी गाळायची नाही, हंगामाची कितीही घाई असली तरी. बसवताना व्हाइसमध्ये सरळ दाबा, थेट हातोडी मारू नका. आतून रिमर किंवा पॉलिश पेपर फिरवून भोक मोठं करण्याचा मोह टाळा. छिद्रं बुजतात आणि तेल बाहेर येईनासं होतं. शाफ्ट अडत असेल तर बुश चुकीच्या मापाचा आहे किंवा तिरका बसलाय. काही गाड्यांत पुढचा बुश सेल्फमध्ये नसून गिअरबॉक्सच्या घरातच असतो. तुमच्या सेल्फचं नाक उघडं दिसलं तर तिकडे बोट घालून पाहायला विसरू नका.

जुळवणी आणि चाचणी

सगळ्यात जास्त चिडचिड होते ती चार कार्बन एकाच वेळी मागे ओढून धरून आर्मेचर आत घालताना. युक्ती सोपी आहे : प्रत्येक कार्बन घरात वर ओढा आणि स्प्रिंगचं टोक त्याच्या डोक्यावर न ठेवता बाजूला टेकवा. कार्बन तिथेच अडकून राहतो. आर्मेचर आत गेलं की स्प्रिंग बारीक आकड्याने उचलून डोक्यावर आणा. नव्या कार्बनच्या तोंडाला बहुधा गोलाई दिलेलीच असते. नसेल तर कम्युटेटरवर पॉलिश पेपर, खरखरीत बाजू वर करून, गुंडाळा आणि आर्मेचर फिरायच्या दिशेने काही वेळा फिरवा, मग भुगा पूर्ण साफ करा.

वॉशर फोटोत दिसतात त्याच क्रमाने लावा. लांब बोल्ट बेताने कसा, अति कसल्याने झाकण कलतं आणि नवा बुश पहिल्याच दिवशी आडवा झिजतो. पिनियन सरकते त्या शाफ्टवर अगदी पातळ ग्रीस पुरे. जास्त लावलं तर वाळू आणि क्लचची धूळ त्यात बसून घट्ट लगदा होतो. ज्या सेल्फमध्ये फिल्ड कॉइलऐवजी चुंबक असतात त्यांना कुठल्याच टप्प्यावर हातोडीने ठोकू नका. चुंबक ठिसूळ असतो, तडकला तर तुकडे आर्मेचरमध्ये जातात. रस्त्यात अडल्यावर सेल्फवर पान्ह्याने टकटक करायची सवय अनेकांना आहे. झिजलेला कार्बन त्याने क्षणभर टेकतो हे खरं, पण चुंबकवाल्या सेल्फची त्यात वाट लागते.

गाडीत चढवण्याआधी चाचणी घ्याच. सेल्फ व्हाइसमध्ये पक्का धरा, कारण सुरू होताना तो जोराने उसळतो. जंपर केबलने बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला, पॉझिटिव्ह जाड टर्मिनलला जोडा आणि बारीक टर्मिनलला क्षणभर वायर टेकवा. पिनियन झटक्यात बाहेर यावी, मोटर एकसुरात फिरावी, वायर काढताच पिनियन आत जावी. पाच-सात सेकंदांच्या वर चालवू नका. बोजा नसताना ही मोटर वेग वाढवतच जाते.

बसवताना सेल्फची आणि घराची टेकणारी तोंडं उजळ धातू दिसेपर्यंत घासा. अॅल्युमिनियमवरची पांढरी भुकटी हाच इथला मोठा शत्रू आहे. सेल्फला अर्थ याच तोंडातून मिळतो, म्हणून सेल्फला रंग मारायचा असेल तर तेवढी जागा कागद चिकटवून सोडा. बोल्ट कसून झाल्यावर टर्मिनलवर आणि सांध्याच्या कडेवर बाहेरून व्हॅसलिन लावा. आधी लावून मग कसण्यापेक्षा आधी कोरडा धातू जुळवून मग वरून झाकण घालणं चांगलं.

पुळणीवर गाडी घालू नये. घालावीच लागली, किंवा फेरीच्या रॅम्पवर पाणी उडालं, तर त्याच संध्याकाळी खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा. मात्र गरम सेल्फवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका. किल्ली एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त धरायची नाही. डिझेल गाडी थंडीत घेत नसेल तर आधी हीटरचा दिवा विझू द्या आणि दोन प्रयत्नांत अर्धा-एक मिनिट जाऊ द्या. पावसाळ्यात महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला आठवड्यातून एकदा सुरू करून इंजिन नीट तापेपर्यंत चालवा, म्हणजे सेल्फच्या घरात साठलेली ओल निघून जाते.

काम झाल्यावर सुरुवातीची मीटरची परीक्षा पुन्हा करा आणि दोन्ही बाजूंचे आकडे बॅटरीवर चिकटपट्टी लावून त्यावर तारखेसह लिहून ठेवा. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी, पाऊस लागायच्या आधी, तेच आकडे पुन्हा घ्या. अर्थिंगच्या बाजूचा आकडा वाढलेला दिसला तर आधी पट्टी काढून घासा. पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर सेल्फचे बोल्ट आणि टर्मिनलचे नट एकदा पान्हा लावून तपासा, तेही बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवूनच.